चाळिसातला नववा शब्द

बाबांना चाळीसपैकी तेहतीस मार्क पडले आणि पास व्हायला चौतीस लागत होते. बत्तीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्यांना मार्क दिले, खरं म्हणजे कापले, तो माणूस एका मार्कानं नापास झाला आणि ते बघायला मी समोर बसलेली होते. तेही एका डुगडुगत्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, कारण त्या खोलीत नातेवाइकांसाठी तेवढी एकच खुर्ची होती.

अर्धांगाचा झटका येऊन अकरा आठवडे झाले होते. उजवा हात अजून ऐकत नव्हता. पाय बऱ्यापैकी ऐकायला लागला होता आणि बोलणं तुटक का होईना, परत आलं होतं. पुनर्वसन केंद्रातून आता त्यांना सोडणार होते. प्रश्न एवढाच होता की सोडणार कुठे? सगळ्या चाचण्या पास झाल्या तर स्वतःच्या घरी, एकट्यानं. एक जरी राहिली तर चोवीस तास सोबत राहणाऱ्या माणसाची सही हवी, आणि तो माणूस म्हणजे दादा. त्याच्या घरी बाबांची खोली तयार होती. वहिनीनं पलंगाला कठडासुद्धा बसवून घेतला होता. त्या कठड्याचा फोटो दादानं कौतुकानं पाठवला, तेव्हापासून बाबा मला रोज एकच शब्द ऐकवत होते, "घरी." घरी म्हणजे आई गेल्यापासून त्यांच्या एकट्याच्या दोन खोल्या, खिडकीजवळचं टेबल आणि आतून लावायची कडी.

जिना चढणं, गोळ्या बघून घेणं, शेगडी बंद करणं, फोन लावणं, सगळ्यात बाबा पास झाले. राहिली होती ती शब्दांची चाचणी. थेरपिस्टनं एकेक शब्द म्हणायचा आणि बाबांनी सांगायचं, खरा शब्द आहे की नाही. निम्मे खरे, निम्मे कुणीतरी बसून रचलेले. डोक्यात शब्द नीट लागलेत का ते यातून कळतं म्हणे. बाबा जन्मभर इंग्रजी शिकवत आले, म्हणून त्यांना इंग्रजीची यादी दिली. मी म्हटलं चला, हा तर बाबांच्या हातचा मळ.

सहा चुका खऱ्याच होत्या. त्या शेवटी शेवटी झाल्या, बाबा दमले तेव्हा. सातवी मात्र पार सुरुवातीला, नवव्या शब्दाला. थेरपिस्ट म्हणाली, "प्रीपोन," आणि बाबांनी श्वास घ्यायच्या आत सांगितलं, "नाही."

तिनं फुली मारली.

हा शब्द आमच्या घरात नवा नव्हता. सातवीत असताना मी निबंधात लिहिलं होतं की आमची सहल प्रीपोन झाली. ठरल्यापेक्षा आधी निघालो, एवढंच मला सांगायचं होतं. आमच्या वर्गाला इंग्रजी बाबाच शिकवायचे. मुलं पाठीमागे त्यांना लालपेन म्हणायची, आणि मलाही लालपेनची पोर म्हणायची. बाबांनी त्या शब्दाखाली अशी रेघ ओढली की कागद फाटला, आणि अर्धा मार्क कापला. त्या अर्ध्या मार्कानं माझा पहिला नंबर गेला. मी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. सगळे म्हणतात हा शब्द, असं मी ओरडून सांगितलं. बाबा म्हणाले, "मग सगळ्यांचा अर्धा मार्क कापू. ये वकीलबाई, वही घेऊन ये." तेव्हापासून मी घरात वकीलबाई झाले ती झालेच.

आणि आता मी काय काम करते? फर्निचरच्या गोदामात बसून लोकांच्या घरी कपाटं आणि पलंग कधी पोचवायचे ते ठरवते. दिवसातून वीस वेळा मी हा शब्द बोलते. त्या सकाळीसुद्धा एका बाईंचं कपाट प्रीपोन करून मगच बाबांकडे आले होते. एवढं असूनही थेरपिस्टनं निकाल सांगितला तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते असं:

"पण हा शब्दच नाहीये!"

थेरपिस्ट तशी शांत मुलगी होती. माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान. "ताई, यादीत तो खऱ्या शब्दांमध्ये आहे."

"यादी कुणी केली?"

"आमच्या मोठ्या बाईंनी. खूप वर्षं हीच वापरतोय आम्ही."

"मग त्यांचं चुकलं. पोस्टपोन आहे, प्रीपोन नाही. लोकांनी आपला ओढूनताणून जोडीदार शोधलाय त्याला." हे माझं वाक्य नव्हतं. शब्दन् शब्द बाबांचं होतं, आणि ते माझ्या तोंडपाठ आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

तिनं मोबाईल काढला, दोनदा बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरला. शब्दकोशात होता. व्यवस्थित अर्थासकट होता. मी मोबाईल बाबांच्या डोळ्यांपुढे नेला. त्यांनी मान मागे घेऊन, डोळे बारीक करून वाचलं.

"छापलं," ते म्हणाले. मग बराच वेळ पुढचा शब्द शोधत राहिले. डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती. "छापलं म्हणून... झाला का?"

थेरपिस्टला हसू आलं. मला आलं नाही. मी तिला म्हटलं, "बघा ना, ज्याला शब्द ओळखता येत नाही तो असं बोलेल का? हा माणूस तुमच्या यादीपेक्षा हुशार आहे म्हणून नापास होतोय." ती म्हणाली, तिलाही ते पटतंय, पण मार्क द्यायचा अधिकार तिला नाही. ती मोठ्या बाईंना विचारायला गेली आणि पाच मिनिटांत परत आली. यादी बदलता येणार नव्हती. पण दुपारी दोन वाजता चाचणी पुन्हा घेता येईल. पुन्हा घेतली की पहिली रद्द, दुसरीचेच मार्क धरायचे. मधेच सोडली तर मात्र पहिलीच कायम.

दोन वाजायला पावणेदोन तास होते. मी कॉरिडॉरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारल्या. पाणी प्यायले. गोदामातून फोन आला, कपाट पोचलं पण बाई घरी नाहीत, कारण त्यांना कुणी कळवलंच नाही. कळवायचं मलाच होतं. तो फोन ठेवते तोच दादाचा आला.

"एका मार्कानं?" तो म्हणाला. "अगं मग सांग ना त्यांना, त्या शब्दाला हो म्हणा. काय जातंय?"

"तूच सांग की."

"माझं ऐकतात होय ते? आणि नाही झाले पास तर मी आहेच. खोली तयार आहे."

त्याच्या मनात खोट नव्हती, हे मला माहीत आहे. तरी मी फोन आपटल्यासारखा बंद केला.

बाबा खिडकीजवळ बसले होते. मी खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसले. "बाबा, दोन वाजता परत विचारणार आहेत. त्या शब्दाला हो म्हणायचं."

त्यांनी मान हलवली. नाही.

"मला माहितीये तुम्हाला काय वाटतं. मला तुमचं वाटणं नकोय, हो हवंय. एकदा हो म्हणा, पेपर संपला की बाहेर येऊन हवं तेवढं नाही म्हणा. मीही म्हणते तुमच्याबरोबर."

नाही.

मग माझा तोल गेला. "तुमच्या या हट्टापायी आयुष्यभर आम्ही सगळे दबून राहिलो. आई राहिली, दादा राहिला, मी राहिले. एक शब्द सोडवत नाही तुम्हाला? मग जा दादाकडे आणि झोपा कठड्याच्या पलंगावर!"

म्हणताक्षणीच मला स्वतःची लाज वाटली. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. आधी माझ्याकडे बघत राहिले आणि मग स्वतःच्या उजव्या हाताकडे, जो मांडीवर नुसता पडलेला होता.

"हो म्हटलं," ते म्हणाले, "तर... घरी?"

"हो. घरी."

दोनला पाच कमी असताना आम्ही परत त्या खोलीत गेलो. पहिले आठ शब्द सुरळीत गेले. रचलेला शब्द आला की बाबा नाकानं हवा सोडायचे, वर्गात कुणी गाढवासारखं उत्तर दिलं की सोडायचे तशी. मला धीर आला. आणि मग नववा.

"प्रीपोन."

बाबा थांबले. थेरपिस्टची पेन्सिल थांबली. मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते.

"हो," बाबा म्हणाले.

जिंकले मी, तीस वर्षांनी. एवढंच मनात आलं आणि लगेच दहावा शब्द आला. "ट्रोमिक." सकाळी या शब्दाला बाबांनी असं काही नाक मुरडलं होतं की थेरपिस्ट हसली होती. आता मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, दमले असतील. पण ते माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. परीक्षेत मागच्या बाकावरची मुलं पुढच्याच्या वहीकडे बघतात तसं. अशा मुलांना बाबा उठवून भिंतीकडे तोंड करून बसवायचे.

"सर?" थेरपिस्ट म्हणाली. "आहे की नाही?"

"...हो," बाबा म्हणाले.

"फ्लिंदर."

परत माझ्याकडे. "हो?"

"टेबल."

टेबल! समोर टेबल होतं, त्यावर त्यांचाच हात होता. तरी आधी माझ्याकडे बघितलं. ते एक 'हो' मी त्यांच्या तोंडून ओढून काढलं होतं, आणि त्याच्यामागोमाग बाकीचंही सगळं सुटून यायला लागलं होतं. प्रीपोन जर शब्द असेल तर कशाचाच भरवसा राहिला नव्हता. त्यांनी पेपर माझ्यावर सोपवला होता. मीच तर तसं सांगितलं होतं.

मी उठले. खुर्ची मागे कलंडली. "थांबवा," मी म्हणाले. "मधेच सोडली तर पहिलीच धरता ना? मग सकाळचीच धरा. तेहतीस."

"ताई, पण तेहतीस म्हणजे..."

"मला माहितीये काय ते. फॉर्म द्या."

तिनं फॉर्म दिला. सोबत राहणाऱ्या माणसाचं नाव, नातं, पत्ता. दादाचं नाव घालायला पेन टेकवलं आणि तो कठडा डोळ्यांपुढे आला. नातं: मुलगी, असं लिहिलं. पत्ता बाबांचाच घातला. गोदामात काय सांगायचं, माझं घर कोण बघणार, बाबांबरोबर त्या दोन खोल्यांत पहिल्या आठवड्यात कितीदा खडाजंगी होणार, यातलं काही मला ठाऊक नव्हतं. घाबरलेही होते, तरी सही केली.

थेरपिस्ट शिक्का मारून आणायला बाहेर गेली. मी बाबांच्या पुढे वाकले. "घरीच जायचंय, बाबा. तुमच्या घरी. पण मी येणार आहे बरोबर."

त्यांना ते पोचलं की नाही, कळेना. त्यांच्या कपाळावर आठी होती. कसलीशी जुळवाजुळव चालली होती.

"तो शब्द," ते म्हणाले. "आहे?"

आयुष्यात पहिल्यांदा बाबा मला एखाद्या शब्दाबद्दल विचारत होते. तपासायला नाही, खरंच माहीत करून घ्यायला. सातवीपासून मी या प्रश्नाची वाट पाहत होते. उत्तर तयार होतं, पुरावा थेरपिस्टच्या मोबाईलमध्ये होता.

"नाही, बाबा," मी म्हणाले. "असा शब्दच नाही."

ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले, आता उत्तर शोधायला नाही, मला तपासायला. मग नाकानं हवा सोडली.

"खोटं," बाबा म्हणाले.

मी त्यांचा तो मांडीवर पडलेला हात दोन्ही हातांत धरला आणि हमसून हमसून रडले.