कचऱ्यातून घरी आलेला लाल दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे, पण मला बिचारा समजू नका. पुस्तकात माझे नाव ऱ्होडोनाइट आहे. मँगनीजच्या काळ्या खनिजात कोट्यवधी वर्षे दबून राहिलो, तरी मी लाल झालो. माझ्यासारखा काचेसारखा आरपार लाल तुकडा क्वचितच सापडतो. खाणीत मात्र मला एकच नाव होते, कचरा.

भट्टीला काळे, वजनदार खनिज लागते. ते निवडायला बायका हातोड्या घेऊन ओळीने बसत. संशय आला की दगड फोडायचा. आत काळा निघाला तर टोपलीत, नाहीतर मागच्या ढिगावर. मीही असाच फुटलो. जिच्या हातोडीने फुटलो, तिने मला धुतले, उजेडात धरले आणि डब्याच्या पिशवीत टाकले.

"अहो बाई, कचरा घरी नेताय?" मुकादम म्हणाला. "दागिना घडवणार की काय?"

"अजून ठरवलं नाही. फार बोललात तर तुमच्याच डोक्यात घालीन."

सगळी ओळ हसली. मुकादमही हसला.

तिने मला स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे ठेवले. चहा टाकताना ती मला हातात घेऊन दिव्यासमोर धरी. तिचा नवरा खाणीच्या पंपावर फिटर होता. तो म्हणे, "माझ्याकडे तरी कधी इतकं बघतेस का?"

"हा उलट उत्तरं देत नाही."

पुढे खाणीच्या धुळीने तिला खोकला जडला. मग एका हिवाळ्यात तो थांबला, तो तिच्याबरोबरच.

त्यानंतर नवऱ्याने मला खिडकीत ठेवले. तिची वस्तू अंधारात कशाला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे, असे त्याला वाटले. पण ऊन आणि हवा लागून माझ्यासारखे दगड काळे पडतात. हे त्याला कोण सांगणार? तो मला रोज पुसत राहिला आणि मी रोज काळवंडत राहिलो.

पुढे घराला रंग द्यायचा म्हणून मुलगी आणि जावई आले. आवराआवर सुरू झाली.

"बाबा, हा कोळसा कशाला ठेवलाय?"

"कोळसा नाही. तुझ्या आईचा दगड आहे."

"तो तर लाल होता!"

"हाच तो. मीच उन्हात ठेवला."

जावयाने हत्यारांच्या पेटीतून हातोडी काढली. ती मुलीच्या आईचीच खाणीतली जुनी हातोडी होती. "बाबा, एक घाव घालून बघू. आत लाल असेल तर ठेवू, नाहीतर टाकून देऊ."

मी पुन्हा निवडीला बसलो होतो. म्हाताऱ्याने त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली.

"जावईबापू, ज्याला माहीत नाही त्यानं फोडून बघावं. मला माहीत आहे."

मुलीने मला कोरड्या फडक्यात गुंडाळले आणि पुन्हा चहाच्या डब्यामागे ठेवले.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी जपून आणलेली एखादी वस्तू असेल. ती कशाने खराब होते ते विचारून घ्या आणि मगच तिची जागा ठरवा. माझे म्हणाल तर मला ऊन नको, हातोडी नको आणि तुमची कीवही नको. वरून मी काळा पडलो असेन. आत मी लालच आहे, आणि ते पटवून द्यायला मी पुन्हा फुटणार नाही.