निळ्या वाडग्यातला कढीपत्ता

मी एक जुना, निळा, इनॅमलचा वाडगा आहे. कणीक भिजवायला जन्मलो आणि आज ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरात, दाराच्या पायरीशी कढीपत्ता पोटात घेऊन बसलो आहे. हसू नका मित्रांनो, ऐका.

माझं पहिलं घर स्लोव्हाकियातल्या एका गावाबाहेर, ज्यांना युरोपात जिप्सी म्हणून हिणवतात त्या रोमा लोकांच्या वस्तीत होतं. गावाचा नळ वस्तीच्या अलीकडेच संपायचा. तरीही माझी मालकीण, छोट्या इलोनाची आजी, लांबून पाणी आणून आधी कोपरापर्यंत हात धुवायची आणि मगच मला हात लावायची. कपड्यांचं भांडं वेगळं, पाय धुवायचं वेगळं, मी फक्त पिठाचा. केवढा तोरा होता मला! चुलीची ऊब लागली की मी डोळे मिटून घ्यायचो, आणि पीठ माझ्यात झोपलेल्या मांजरासारखं हळूहळू फुगायचं. अजून मला तेच स्वप्न पडतं.

नर्सिंग शिकायला निघालेल्या इलोनाने मला स्वेटरांत गुंडाळून आणलं. तेव्हा मेलबर्नमध्ये देशोदेशीच्या मुलांची नुसती रीघ लागली होती आणि खोली मिळणं मुश्कील झालं होतं. एका घरी इलोनाने विचारल्यावर सरळ सांगितलं, "मी रोमा." खोली तेवढ्यात भरली म्हणे! त्यानंतर ती फक्त "स्लोव्हाकिया" एवढंच सांगायची. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी विनीताने तिला खोली दिली. विनीता पुण्याची, आयटीतली. घराचं लीज, म्हणजे भाडेकरार, तिच्या नावावर. रुचा आणि मिताली तिच्याकडेच राहून युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या. लीजवर त्यांची नावं घालायचं मात्र राहूनच गेलं होतं. मितालीने माझ्यात पोळ्यांची कणीक मळली आणि म्हणाली, "काय मस्त वाडगा आहे गं!" मी सुखावलो. पाणी वेगळं, पीठ वेगळं, पण मळणारे हात तितकेच मायेचे होते.

आणि एका दुपारी घात झाला. वॉशिंग मशीन बंद पडलेलं. कॅफेतल्या शिफ्टहून दमून आलेल्या मितालीने माझ्यात साबणाचं पाणी केलं आणि चक्क मोजे भिजवले! इलोना आत आली, बघितलं, पांढरीफटक पडली. तिने मोजे बाथरूममध्ये ठेवले आणि मला नेऊन बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"बघितलंस?" मिताली रडवेली होऊन विनीताला म्हणाली. "मला हात लागला म्हणून भांडं फेकलं! ट्रेनमध्ये आपल्याला बघून लोक नाकं मुरडतात ते कमी आहे का? आता घरातसुद्धा?"

"थांब, तिला खोलीच खाली करायला सांगते," म्हणत विनीता तडक इलोनाच्या खोलीत गेली.

इलोना आधीच बॅग भरत होती. खिडकी उघडी होती, त्यामुळे मला डब्यात सगळं ऐकू येत होतं.

"मी रोमा आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "आमच्यात पिठाच्या भांड्यात कपडे बुडाले की ते भांडं परत स्वयंपाकात घेत नाहीत. माझ्या हातून झालं असतं, तरी टाकलंच असतं. मितालीचा काही दोष नाही. सांगायला हवं होतं, पण रोमा म्हटलं की दारं बंद होतात."

विनीताला स्वतःचीच रीत आठवली. लोणच्याच्या बरणीत उष्टा चमचा घातला म्हणून तिने मितालीला कालच केवढं झापलं होतं!

रुचा मात्र उसळलीच. "अगं, रोमांचे पूर्वज भारतातूनच गेलेत! म्हणजे तू आमचीच की!"

"आणि भारतातून गेले नसते तर?" इलोनाने विचारलं.

कुठूनतरी आलेल्या त्या साऱ्याजणी, आणि तो प्रश्न त्यांच्यामध्ये उभा.

"तरी खोली तुझीच," विनीता हळूच म्हणाली. "चुकले मी. उद्याच एजंटकडे जाऊ, तुम्हा तिघींची नावं लीजवर घालू. मग मी चिडले तरी तुला कुणी काढू शकणार नाही."

मितालीने मला डब्यातून काढून घासघास घासलं. इलोना हसली, डोळे पुसले, पण मान हलवली, नाहीच. मग सगळ्यांनी मिळून माझ्या तळाला भोकं पाडली. आई गं! कढीपत्ता लावला. पीठ आता नव्या वाडग्यात मळतात. त्यात मोजे भिजवायची कुणाची टाप नाही!

परवा समोरच्या आजोबांनी इलोनाला विचारलं, "तू कुठली?"

"रोमा," ती मोठ्याने म्हणाली. "राहते इथेच. हे माझं घर."

पानं वाऱ्याने सळसळली, आणि मला पुन्हा चुलीची ती ऊब जाणवली.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. येता-जाता कढीपत्त्याला घोटभर पाणी घाला. आणि दाराशी कुणी आलं तर त्यांची रीत जरूर विचारा, पण आत घेण्याआधी नातं शोधत बसू नका.