आखूड पडदे

आमच्या वसाहतीतल्या सगळ्या घरांच्या खिडक्या एकाच मापाच्या. बिल्डरने एकच नकाशा काढला आणि टेकडीच्या उतारावर तो छाप्यासारखा उठवत गेला. मला ते सोयीचं होतं. माप घ्यायला कुणाच्या घरी जावं लागत नसे. बाई दुकानात येऊन कापड पसंत करायची आणि मी थेट कात्री लावायचो. बँका तेव्हा कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणून लोकांच्या मागे लागल्या होत्या. लोक घरं घेत होते, मी पडदे शिवत होतो, आणि दुकानात हाताखाली दोन कारागीर होते.

मग तेच पडदे परत यायला लागले. फाटले म्हणून नव्हे, आखूड करायला. भाड्याच्या खोलीची खिडकी लहान असते. पहिली बाई म्हणाली, बहिणीकडे द्यायचेत. दुसरी म्हणाली, खालून मळलेत, तेवढे कापून टाका. तिसरीने काहीच सांगितलं नाही, आणि पुढे मीही विचारायचं सोडून दिलं. कापलेल्या पट्ट्या मी एका गोणीत टाकायचो. कारागीर गेले, गोणी फुगत गेली. गावात भरभराटीला आलेला धंदा तेवढा एकच उरला होता, पडदे आखूड करायचा.

दुसरा बँकेचा. माझी मुलगी त्याच सुमारास बँकेच्या पाहणी खात्यात लागली. ज्यांचे हप्ते थकले त्यांच्या घरांवरून दर आठवड्याला फेरी मारायची, रस्त्यावरून फोटो काढायचा आणि लिहायचं : घरात राहतात, किंवा घर रिकामं. तिच्या मोबाईलवर वसाहतीचा नकाशा होता. हप्ता चुकला की घराचा ठिपका पिवळा व्हायचा, नोटीस गेली की लाल, कुलूप लागलं की काळा. जेवताना ती तो ताटाशेजारी ठेवायची. एकदा मी म्हणालो, पोरी, वसाहतीला गोवर आलाय. ती हसली नाही. साहेब खूश आहेत म्हणाली. ठिपके वाढले म्हणून खात्याला आणखी दोन माणसं मंजूर झाली होती.

आमचं घरही त्याच बँकेच्या कर्जातलं. हप्ता तिच्या पगारातून परस्पर कापला जायचा, त्यामुळे आमच्या घरावर ठिपकाच नव्हता. मी कधीकधी तिच्या खांद्यावरून वाकून खात्री करून घेत असे.

खात्याचा एक नियम मला तिच्याच तोंडून कळला. खिडकी बोडकी दिसली की घर रिकामं लिहायचं. एकेक दार वाजवत बसायला वेळ कुणाला आहे? आणि एकदा घर रिकामं लिहिलं गेलं की बँक सवलतीचा विचार करत नाही. माणूस पळाला असं धरतात.

समोरच्या ओळीत ड्रायव्हर राहायचा. लांब पल्ल्याची बस चालवायचा. माझा दोस्त, आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या दुकानातल्या स्टुलाचा मालक. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कंपनीने सांगितलं, तीन महिने पगार नाही. हप्ते थकले. त्याने बँकेला अर्ज दिला की नोकरी शाबूत आहे, तीन महिने थांबा, मग सगळं भरतो. अर्ज माझ्या मुलीनेही पाहिला होता. असे अर्ज मंजूर होतात म्हणाली. फक्त घराची पाहणी व्हायची होती.

आणि नेमकी त्याच आठवड्यात ड्रायव्हरची बायको कडेवर गाठोडं घेऊन दुकानात आली. घरातले सगळे पडदे तिने उतरवले होते. नुसते उतरवले नव्हते, स्वतःच हातभर कापून टाकले होते. मला फक्त खालून मुडपून शिवायचे होते.

वहिनी, अर्जाचं उत्तर तरी येऊ द्यायचं, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, शेजारच्या घरांना काय उत्तरं आली ते बघितलंय की. एक खोली बघून ठेवली आहे. शेवटच्या दिवशी पडदे काढत बसलं की सगळी गल्ली उभी राहून बघते, त्यापेक्षा आताच काढलेले बरे. मग मी त्यांना पाहणीचा नियम सांगितला. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

दुकानात त्या मापाचे तयार पडदे एकच होते. वरच्या ओळीतल्या डॉक्टरीणबाईंनी शिवायला टाकलेले, गडद जांभळ्या मखमलीचे, आतून अस्तर, काठाला सोनेरी झालर. निम्मे पैसे आगाऊ दिले होते. पडदे तयार होईपर्यंत त्यांचंच घर काळं झालं, त्या न्यायला आल्याच नाहीत. मी ते कपाटातून काढले, झटकले आणि ड्रायव्हरच्या घरी गेलो.

ड्रायव्हरच्या एका डोळ्यावर पट्टी होती. मी खुर्चीवर चढलो, त्याने खुर्ची धरली. वर बघत म्हणाला, "मास्तर, एका डोळ्याने दिसतंय तेच बरं. दोन्हींनी बघितलं असतं तर चपला बाहेर काढून आत आलो असतो."

वहिनी कितीतरी दिवसांनी हसल्या. मीही हसलो. मग खाली उतरून प्रत्येक चुणी बोटांनी सारखी केली. तेवढी गरज नव्हती. पण काम हातात आलं की मला ते तसंच सोडता येत नाही. रस्त्यावर जाऊन पाहिलं, तर अख्ख्या ओळीत तेच घर उठून दिसत होतं.

दोन दिवसांनी मुलीची फेरी झाली. जेवताना ती म्हणाली, त्या खिडकीत डॉक्टरीणबाईंचे पडदे आहेत. मी हो म्हटलं. मला वाटलं, रागावेल. ती म्हणाली, राहतात असंच लिहिलंय, आणि ते खोटं कुठे आहे? शिवाय घर नीटनेटकं ठेवलं आहे अशी एक ओळ आपणहून जोडली होती. त्या दिवशी तिने भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

अर्ज फेटाळला गेला. ड्रायव्हर कागद घेऊन दुकानात आला आणि आपल्या स्टुलावर बसला. कागदाला फोटो जोडला होता, मोठा करून. झालरीचा सोनेरी धागासुद्धा दिसत होता. खाली लिहिलं होतं की कर्जदाराने नुकतीच घराची महागडी सजावट केल्याचे पाहणीत आढळले. ऐपत असून तो हप्ते बुडवत आहे. हरकत असल्यास पुराव्यासह हजर राहावे.

"मास्तर, पडदे फुकट होते ना?" त्याने विचारलं.

"फुकटच."

"मग फारच महाग पडले."

त्याचा दुसरा डोळा, पट्टी नसलेला, त्या फोटोवरून हलत नव्हता. मी सांगितलं की मी स्वतः बँकेत जातो, पडदे माझ्या दुकानातले आहेत हे सांगतो. नको म्हणाला, पोरीच्या गळ्याशी येईल. पण स्टुलावरून उठला नाही. नको म्हणणारा माणूस उठून जातो. तो मी आणखी काही बोलतो का याची वाट बघत बसला होता.

घरी मुलीला सांगितलं. ती ताट पुढ्यात घेऊन तशीच बसली.

"काय सांगणार बाबा? पाहणी करणारीच्या बापाने पाहणीआधी जाऊन पडदे लावून दिले?"

"खरं आहे तेच सांगणार."

"खरं आहे म्हणूनच माझी नोकरी जाईल. खोटं असतं तर मी निभावून नेलं असतं."

"त्याचं घर जातंय, पोरी."

"आणि आपलं?"

सकाळी ती माझ्या आधी निघून गेली. माझा चांगला सदरा मात्र इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. जा म्हणाली की नको, ते मला अजून कळलेलं नाही.

बँकेतला साहेब वागायला चांगला होता. पाणी मागवलं, लिहून द्या म्हणाला. मी लिहिलं. मी लिहायला उशिरा शिकलो, हात सावकाश चालतो, तरी तो घाई न करता थांबला. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, हे पडदे मुळात कुणाचे? मी डॉक्टरीणबाईंच्या घराचा नंबर सांगितला. त्याला हसू आवरेना. म्हणजे पडदेसुद्धा थकबाकीदाराचेच की, म्हणाला. मीही थोडा हसलो. कामासाठी आलेला माणूस हसतो.

मग त्याने विचारलं, तुम्ही ड्रायव्हरचे कोण? मी म्हणालो, शेजारी.

"आणि पाहणीवाल्या मॅडमचे? आडनाव एकच दिसतंय."

"बाप."

त्याने पेनाला टोपण लावलं. शांतपणे समजावून सांगितलं की आता ही पाहणीच संशयास्पद ठरली. संशयास्पद म्हणजे रद्द. आणि पाहणी झालेलीच नाही असं धरलं, तर घर रिकामं समजायचं, असा नियम आहे. मी म्हणालो, साहेब, घरात माणसं आहेत, आता चला, दाखवतो. तो म्हणाला, तुमची भावना मी समजू शकतो.

मुलीला त्यांनी महिनाअखेरपर्यंतही ठेवलं नाही. घरी आली, पिशवी खुंटीला लावली, तोंड धुतलं. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. पुढच्या सोमवारी दुकान उघडलं, तर ती माझ्या मागोमाग आली आणि रिकाम्या मशीनवर बसली.

ड्रायव्हरच्या दाराला कुलूप लागलं त्याच्या आदल्या दिवशी वहिनी आल्या. मखमली पडदे घडी घालून परत आणले होते, आणि आपले जुने, कापलेले, मुडपून घ्यायला. मी म्हणालो, आता लगेच करून देतो, पैसे नकोत. त्यांनी पैसे टेबलावर ठेवले आणि त्यावर हात दाबून धरला.

"पैसे घ्या, मास्तर. आणि पावती द्या. उद्या कुणी फोटो काढला तर दाखवायला हवी."

माझ्या दुकानात पावतीपुस्तक कधी नव्हतं. मुलीने एका कोऱ्या कागदावर लिहिलं, तारीख टाकली, सही केली. वहिनींनी कागद नीट वाचला, पर्समध्ये ठेवला आणि बाहेर जाऊन उन्हात उभ्या राहिल्या. आत बसा असं म्हणायचं मला धैर्य झालं नाही.

मुलीने पडदा मशीनखाली घेतला. तिची शिवण सरळ येते, लहानपणी मीच शिकवली होती. मोबाईल तिच्या कोपरापाशी होता. नकाशा तिच्याकडून अजून कुणी काढून घेतला नव्हता. ड्रायव्हरच्या घरासमोर, आमच्या ओळीत, एक पिवळा ठिपका आला होता. मला वाकून बघावं लागलं नाही.

एक बाजू शिवून झाल्यावर तिने धागा तोडला, टेबलावरची मखमल उलगडली आणि टेप हातात घेतली.

"बाबा, भाड्याच्या खोलीची खिडकी साधारण केवढी असते?"

मी म्हणालो, आधी बाहेर उभ्या आहेत त्यांचं होऊ दे.