उतरलेला आकडा

"तीनशे सहा!"

ध्वनिक्षेपकावरून आकडा घुमला आणि सभागृहातल्या चारशे माणसांनी एका सुरात "अरेरे!" केलं. मंचावर उभ्या असलेल्या बसचालकाची मान परीक्षेत नापास झाल्यासारखी खाली गेली. साखरबाबांनी त्याच्या हाती पाण्याचा पेला दिला, डोळे मिटून शंभर अंक मोजायला लावलं आणि लाल मखमली पिशवीतून दुसरं यंत्र काढलं. पुन्हा बोटाला सुई, पुन्हा रक्ताचा थेंब.

"वाचा मोठ्यानं! लाजू नका!"

"सतरा पॉइंट शून्य!" बसचालक ओरडला. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. एक बाई तर रडायलाच लागल्या.

"रोगाचा जीव कशात असतो? आकड्यात!" बाबा गरजले. "डॉक्टर वर्षानुवर्षं सुया टोचतात, आकडा हलत नाही. आम्ही घोटभर पाणी देतो, आकडा उतरतो. आणि दशांशापर्यंत चोख, बरं का! ही सिद्ध यंत्रं आहेत. घरी न्या, रोज बघा, सुया फेकून द्या!"

सिद्ध यंत्र म्हणजे रक्तातली साखर मोजायचं साधं यंत्र. फरक एवढाच, की पडद्याच्या कोपऱ्यावर बाबांच्या हसऱ्या चेहऱ्याचं चिकटचित्र होतं.

मी मागच्या रांगेत बसून नाक मुरडत होतो. ताईनं ओढून आणलं म्हणून आलो होतो. मी पंपाचे दांडे बनवणाऱ्या कारखान्यात मापं तपासतो. कुणी येऊन "बावीस" म्हणालं, की मी खेकसतो, "बावीस काय? बावीस गाढवं?" पूर्वी एकदा इंचातला नकाशा मिलिमीटरमधला समजून आमचा अख्खा माल भंगारात गेला होता, तेव्हापासून एकक लिहिल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही करत नाही. दिवसातून चाळीस वेळा मी हा प्रश्न विचारतो. त्या दिवशी सभागृहात मात्र तो मला सुचला नाही. भोंदू माणसानं हातचलाखी केली असणार, पिशवीतलं यंत्र बिघडवलेलं असणार, एवढ्यावरच मी खूश होतो. स्वतःला शहाणा समजणाऱ्याला असंच होतं.

ताई मंचावर गेली. दोनशे अठ्ठ्याऐंशी. पाणी प्यायली. सोळा पॉइंट शून्य. खाली आली ती लहान मुलीसारखी हसत.

घरी आमचं कडाक्याचं भांडण झालं. ताई शिवणकाम करते. मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "तुझी अक्कल तुझ्या कारखान्यात ठेव. चौदा वर्षं पोटात इन्सुलिनच्या सुया खुपसतेय मी. कातडं निबर झालंय. तुला एकदा तरी टोचून घ्यावी लागली का?"

"म्हणून थापाड्याच्या नादी लागायचं?"

"तो निदान गोड बोलतो. तू तर तेही करत नाहीस."

मी दार आपटून निघालो. अकरा दिवस तिच्याकडे फिरकलो नाही. या गोष्टीत बाबाइतकाच मीही दोषी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

बाराव्या दिवशी दुपारी कारखान्यात भाचीचा फोन आला.

"मामा, आई उठत नाहीये नीट. हाक मारली की नुसतं हूं करते. साखर फार उतरलीये, चोवीस झालीये! आमच्या कॉलेजात शिकवलंय, सत्तरच्या खाली गेली की धोका. मी साखरेचं पाणी पाजलं."

"मग?"

"सत्तावीस झाली. अजून पेलाभर पाजलं, आता एकतीस. चढतेय, पण किती हळू! मामा, अजून देऊ?"

समोरच्या टेबलावर माझं दांड्यांची मापं घ्यायचं यंत्र पडलं होतं. मी सवयीनं बोलून गेलो, "एकतीस काय?"

"काय म्हणजे? साखर!"

"आकड्याच्या बाजूला काय लिहिलंय?"

"तिथे बाबांचं चित्र आहे."

"खरवड ते."

फोनवर नखांचा आवाज आला. मग ती हळूच म्हणाली, "बारीक अक्षरं आहेत. एम, एम, ओ, एल. तिरकी रेघ. एल."

त्या अक्षरांचा अर्थ मला ठाऊक नव्हता. पण आमच्या दवाखान्याच्या कागदांवर तसं काही नसतं, आणि कुणी एकक झाकून ठेवलं असेल तर मालात खोट आहेच, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. "एक थेंब साखर देऊ नकोस!" मी किंचाळलो. "गाडी बोलाव, रुग्णालयात ने!"

रुग्णालयात ताईची साखर पाचशे चौऱ्याण्णव निघाली. डॉक्टरीणबाईंनी ते सिद्ध यंत्र हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. ताई तीन दिवस अतिदक्षता विभागात काचेपलीकडे होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर आली नाही. माझं "चुकलो" ऐकायला ती उरली नाही.

भाची भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टरीणबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "अकरा दिवस इन्सुलिन बंद होतं, बेटा. ती त्यामुळे गेली. तुझ्या दोन पेल्यांनी नाही."

"पण पाजलं मीच," भाची म्हणाली.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच सभागृह, तीच गर्दी. डॉक्टरीणबाई, भाची आणि मी थेट मंचावर चढलो. बाबांचे चेले आडवे आले, पण डॉक्टरीणबाईंना ओळखणारे निम्मे लोक समोरच होते. ते म्हणाले, "बोलू द्या बाईंना."

मी बोट पुढे केलं. बाईंनी सुई टोचली आणि एकाच थेंबाचं रक्त दोन यंत्रांना लावलं. पाणी नाही, डोळे मिटणं नाही. बाबांच्या पहिल्या यंत्रावर एकशे चार. मखमली पिशवीतल्या यंत्रावर पाच पॉइंट आठ.

"अश्रद्धाचं रक्त आहे!" बाबा ओरडले.

"मग पाण्याविना आकडा उतरला कसा?" बाईंनी विचारलं.

बाईंनी ध्वनिक्षेपक घेतला. "ऐका. आपल्याकडे साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात. डेसिलिटरभर, म्हणजे अर्ध्या पेल्याएवढ्या रक्तात किती मिलिग्रॅम, ते. काही देशांत मिलिमोलमध्ये मोजतात. लिटरभर रक्तात किती मिलिमोल, ते. केळी नगावर मोजा नाहीतर डझनावर. साठ म्हणा की पाच डझन, टोपलीतली केळी तेवढीच. मिलिमोलच्या आकड्याला अठरानं गुणलं की मिलिग्रॅमचा आकडा येतो. पहिलं यंत्र मिलिग्रॅमचं, दुसरं मिलिमोलचं. दोन्ही यंत्रं खरी आहेत. खोटं आहे ते हे चित्र, कारण त्याखाली एकक झाकलंय. तुमची साखर खरोखर सतरावर आली असती, तर टाळ्या वाजवायला तुम्ही शुद्धीवर नसता."

"मी कधी म्हणालो रोग बरा करतो?" बाबा पुटपुटले. "मी आकडा उतरवतो म्हणालो." आयुष्यात तो माणूस एकदाच खरं बोलला असेल.

मी बोलायला उभा राहिलो. एवढंच म्हणालो, "माझी बहीण गेली. सुई बंद केली असेल त्यांनी घरी नका जाऊ, आधी बाईंना भेटा."

मग लोकांनी मोबाइल काढले आणि जो तो आपापला आकडा अठरानं गुणू लागला. ज्यांना जमेना ते मंचापाशी आले. भाची कागद-पेन घेऊन बसली.

"माझं अकरा पॉइंट एक, बाळा. किती होतात गं?" एका आजीनं विचारलं.

"दोनशे, आजी."

आजी तिथेच खाली बसल्या. रांग पुढे सरकली. शेवटी नुकतीच सभागृहात पोचलेली एक तरुण बाई आली. तिचा चेहरा प्रसन्न होता.

"ह्यांची सव्वीस आहे. सकाळपासून झोपूनच आहेत, फार उतरली वाटतं. म्हणून साखरपाणी पाजून आलेय. बरोबर केलं ना?"

भाचीनं गुणाकार केला नाही. पेन टाकून तिनं त्या बाईचा हात धरला आणि जिन्याकडे धावत सुटली. आम्ही मागोमाग.

तो माणूस वाचला. त्यासाठी मंत्र लागला नाही. आकड्यापुढची बारीक अक्षरं वाचणारं एक माणूस लागलं. कुणीही तुमच्यासमोर आकडा नाचवला, तर टाळी वाजवण्याआधी ती अक्षरं वाचा, आणि ती झाकलेली असतील तर झाकणाऱ्याचा हात धरा.