गणितात न घातलेली अट

शिरूर कासारजवळच्या शाळेत हुशार पोरांसाठी वेगळा अभ्यासक्रम करायचं वनमालाबाईंनी आपणहून डोक्यावर घेतलं होतं. गणित, विज्ञान, भूगोल एकाच प्रश्नात कालवायचे आणि प्रश्न पोरांच्या घरातलाच घ्यायचा. शेवटचा प्रश्न त्यांनी घातला: 'ऊसतोडीला निघायच्या वेळी आईचं मनगट मोडलं. कोयता म्हणजे दोघांची जोडी. एकट्याला मुकादम नेत नाही. घरानं काय करावं?'

सातवीतली दीपमाला त्यावर आठवडाभर बसली होती. आज तिची जागाच रिकामी. "बाई, तिच्या आईचा हात खरंच मोडलाय की," पोरं म्हणाली. "आज ऊसतोडीचा ट्रॅक्टर निघतोय." वर्ग तसाच टाकून बाई वेशीकडं पळाल्या.

ट्रॅक्टर भरत होता. ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर दीपमाला बसलेली.

"खाली ये गं!"

"बाई, उत्तर निघालं. आईच्या जागी मी, दादांसंग. समदं बसतंय."

दादा, म्हणजे तिचा बाप परमेश्वर, दोर आवळत होता. "तुमच्याच गणितानं ठरलं, बाई. लई हुशार हाय पोरगी." तो कौतुकानं बोलला, तेच जास्त लागलं.

"आणि शाळा?"

"ती अट तुमी घातलीच न्हाई," दीपमाला म्हणाली.

खरंच नव्हती घातली. ती काय सांगायची गोष्ट आहे, असं बाईंना वाटलं होतं.

"मग गणितच चुकलं माझं. आता घालते. पोरीची शाळा बुडायची नाही. सोडव."

"आत्ता?"

"आत्ताच." बाई ट्रॉलीत चढवायच्या राहिलेल्या पिठाच्या डब्यावर फतकल मारून बसल्या. उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. मुकादम ओरडला, "उठता का बाई, का तुमालाबी न्यायचं?"

दीपमालानं डोळे मिटले. बोट हवेत फिरायला लागलं, थांबलं, पुन्हा फिरलं. बाईंचा जीव त्या बोटाला टांगलेला.

"दादा, सत्यभामाआत्या!"

परमेश्वरची विधवा बहीण. जोडी नाही म्हणून दरसाल मागं राहायची.

"ती अर्धा कोयता, तुमी अर्धा. आईकडं मी बघते."

"बहीण-भावाचा कोयता?" परमेश्वरच्या हातातला दोर सैल पडला. त्यानं मुकादमाकडं पाहिलं.

मुकादमानं तंबाखू मळली, झटकली, तोंडात टाकली. तेवढ्यात बाईंनी किती देव आठवले, त्याला गणती नाही.

"हात चालत्यात ना तिचे? मग बोलवा की. कावून उशीर करता!"

ट्रॉलीतून आधी दप्तर खाली पडलं, मग दीपमाला उतरली. बाईंनी दप्तर उचलून मांडीवर घेतलं. त्या अजून डब्यावरच होत्या.

"बाई, डबा," दीपमाला म्हणाली. "आत्याला लागंल."