मुक्ताबाईंचा घट्ट झाकणाचा डबा

मी डबा बोलतोय. चांगला जाड स्टीलचा, आणि झाकणाचा इतका घट्ट की मला उघडताना भल्याभल्यांची नखं तुटली आहेत. तेवढी एक बढाई मारू द्या, मग सरळ गोष्ट सांगतो.

कारखान्यातला जन्म काही मला आठवत नाही. आठवते ती सांगलीतल्या भांड्यांच्या दुकानाची पायरी. तिथे नावं घालणारा एक म्हातारा बसायचा. त्याने छिन्नीने टिंब टिंब ठोकून माझ्या पोटावर 'चि. मुक्ता हिस थोरल्या भावाकडून' असं कोरलं. जागेचा अंदाज चुकला, म्हणून शेवटची अक्षरं माझ्या बुडाकडे घसरली आहेत. हा थोरला भाऊ आटपाडीहून खास मला घ्यायला आला होता. बहिणीच्या लग्नात मी आंदण म्हणून आलो, आणि सांगलीतल्या तिच्या घरात चटणीचा डबा झालो.

चटणीच्या डब्याला घरातलं सगळं कळतं. माणसं रागावली की भाजी टाकून चटणी-भाकरी खातात, त्यामुळे घरातलं प्रत्येक भांडण माझ्यापर्यंत येतं. मुक्ताबाईंचा नवरा मुलं लहान असतानाच ध्यानीमनी नसताना गेला. मग हळदीच्या वखारीत निवडणीला जाऊन त्यांनी मिलिंद आणि आम्रपालीला वाढवलं. त्यांची बोटं कायम पिवळी. दर वैशाखात त्या कांदा-लसणाची चटणी करायच्या आणि मला काठोकाठ भरायच्या.

मिलिंदने मास्तर व्हावं अशी त्यांची इच्छा. त्याला डी.एड.ला प्रवेशही मिळाला होता. पण हा पठ्ठ्या मित्राच्या लग्नाला कोल्हापूरला जातो म्हणून गेला आणि सैन्यभरतीच्या रांगेत उभा राहिला. निवड झाल्यावरच त्याने घरी सांगितलं. मुक्ताबाई तेव्हा भाकऱ्या थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "तुजा बाप न सांगता गेला. तूबी न सांगताच निघालास. जा."

त्या दिवसापासून त्या मुलाशी बोलल्या नाहीत. तो सुट्टीवर आला की ताट वाढायच्या, पण शब्द नाही. त्याचं पत्र आलं की आम्रपाली मोठ्याने वाचायची, आणि नेमकी तेव्हाच यांना भांडी घासायची आठवण व्हायची. सुरुवातीला नुसता दणदणाट. पत्र पुढे सरकेल तसा आवाज कमी कमी होत जायचा. मला सगळं कळत होतं, पण मला विचारतो कोण?

पुढे आम्रपाली मार्केट यार्डात एका व्यापाऱ्याकडे हिशेबाच्या कामाला लागली आणि मला बढती मिळाली. मी तिचा जेवणाचा डबा झालो. त्यामुळे जगात इंटरनेट नावाचं काहीतरी आलंय हे आमच्या फडताळातल्या भांड्यांत सगळ्यांत आधी मला कळलं. यार्डाजवळ नानासोंचं एसटीडी बूथ होतं. त्यांनी मागच्या खोलीत तीन संगणक मांडले आणि बाहेर 'सायबर कॅफे' अशी पाटी लावली. जेवणाच्या सुट्टीत आम्रपाली तिथे जायची. मला संगणकाशेजारी ठेवायची. उजव्या हाताने भाकरी, डाव्या हाताने टाईप. नानासो ओरडायचे, "आवं बाई, त्या बटनांस्नी तेल लागतंय!"

तिथे तिला एक मैत्रीण भेटली. भेटली म्हणजे पडद्यावर. साताऱ्याची राजेश्वरी. तिच्या घरचा ऊस होता, आणि वडील लालासाहेब, म्हणजे तिचे आबा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. एकमेकींना न पाहता या दोघी रोज काय काय बोलायच्या! आज काय भाजी, नदीला पाणी किती, नवीन चप्पल चावते का. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. आम्रपाली ओठ हलवत वाचायची, म्हणून मलाही कळायचं. या दोघींना एवढं बोलायला काय सापडतं, असं मला वाटायचं. पण जेवताना कुणी सोबत असलं की माणसाचा घास सुखाने उतरतो, आणि आम्रपाली त्या पडद्यासमोर पोटभर जेवायची.

नव्व्याण्णवचा उन्हाळा आला आणि कारगिलला लढाई पेटली. मिलिंदची पलटण तिकडेच होती. पत्रं येईनाशी झाली. मुक्ताबाई कामावरून आल्या की दारातच बसायच्या, पण मुलाचं नाव काढायच्या नाहीत.

त्या दोघी जिथे बोलायच्या, त्या पडद्यावरच्या गप्पांच्या खोलीत बाकीचीही माणसं असायची; तिथे एक दिवस विषय निघाला, जवानांना काहीतरी पाठवू या. तासगावच्या एकाने घरचे बेदाणे देतो म्हणून कळवलं. कुणी मोजे देणार होतं. आम्रपाली स्वेटर म्हणाली, तर राजेश्वरीने उत्तर दिलं, "स्वेटर सरकार देतं गं. आबा म्हणतात, तिकडं जिभेला चव पायजे. चटणी पाठव. पण डबा घट्ट बघ, न्हाईतर सगळ्या मोज्यांना तेल लागंल." हे ऐकून मी सरसावून बसलो.

आम्रपालीने घरी विचारलं, "आई, जवानांसाठी चटणी करतीस?"

मुक्ताबाईंनी वर पाहिलं. "कुणासाटी?"

"सगळ्यांसाठीच. कुणीबी खाईल."

"करते की. सगळ्यांच्या आया काय तिकडं जात्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी चूल पेटली. मिरच्या भाजल्या, कांदा परतला, लसूण, तीळ, धणे सगळं आलं. उखळात मुसळ पडू लागलं. आम्रपाली खोकत खोकत म्हणाली, "आई, खोबरं ऱ्हायलं."

"खोबरं संपलंय."

मी फडताळात बसून सगळं पाहत होतो. माझ्या शेजारच्या बरणीत खोबऱ्याच्या दोन वाट्या होत्या. अख्ख्या. मी बाईंच्या इतक्या वर्षांच्या चटण्या पोटात घेतल्यात, पण बिनखोबऱ्याची त्यांनी फक्त एकाच माणसासाठी केली. मिलिंदला लहानपणापासून खोबऱ्याने ठसका लागतो. तो घरात असताना त्याची चटणी वेगळी कुटली जायची.

आम्रपालीनेही ती बरणी पाहिली. तिने आईच्या हातातून मुसळ घेतलं आणि कुटू लागली. दुपारी कॅफेत मात्र तिने सगळं राजेश्वरीला लिहिलं.  मग तिकडून शब्द आले, "मग चटणीची पाकिटं करून बाकीच्यांना जाऊ देत. डब्यावर दादाचाच पत्ता घाल."

अशी माझी स्वारी निघाली. पांढऱ्या कापडात शिवून, मोज्यांच्या आणि बेदाण्यांच्या गराड्यात. कापडावर मिलिंदचं नाव, त्याची पलटण आणि '५६ एपीओ' हा फौजेच्या टपालाचा पत्ता. आत आम्रपालीने नानासोंच्या बूथचा नंबर टाकला होता. पोत्यात, रेल्वेत, ट्रकमध्ये आदळत गेलो. एका उतारावर पोतं घसरलं आणि मला कुशीत हा मोठा पोचा आला. पण तेलाचा थेंब बाहेर येऊ दिला नाही.

मिलिंदने कापड उसवलं आणि आधी माझ्या पोटावरच्या टिंबांवरून बोट फिरवलं. झाकण उघडलं. चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली आणि बाहीने डोळे पुसले.

शेजारी जतकडचा बिराप्पा होता. "काय रं, खारट हाय?"

"खोबरं न्हाई हिच्यात," मिलिंद म्हणाला. "आईनं माज्यासाठी केलीया."

"मग रडतूस कशाला गड्या? वाड की!"

त्या तंबूत पुरीबरोबर मी दोन दिवसांत रिकामा झालो. तिखटाने सगळ्यांची नाकं गळत होती आणि सगळे आणखी मागत होते. असा मान मला घरीसुद्धा कधी मिळाला नव्हता.

लढाई थांबली. जवानांना घरी फोन करायला मिळू लागला तेव्हा मिलिंद मला बगलेत मारून रांगेत उभा राहिला. का, ते त्यालाच ठाऊक. आदल्या दिवशी त्याने बूथवर फोन करून नानासोंकडे निरोप दिला होता. आम्रपाली येईल हे नक्की होतं. आई येईल की नाही, हे विचारायची त्याची हिंमत झाली नव्हती.

फोन लागला. आम्रपाली दोन शब्द बोलली आणि म्हणाली, "थांब." मग पलीकडे नुसता श्वास.

"आई? मी मिलिंद बोलतोय."

 मग मुक्ताबाईंचा आवाज आला. वैतागलेला, चुलीपुढचा, अगदी ओळखीचा.

"माजा डबा कुठं हाय?"

"हितंच हाय. माज्याजवळ."

"झाकण हाय का हरवलंस?"

"हाय की. जरा पोचा आलाय. धुऊन पार्सलानं लावून देतो."

"पार्सल नगं." आवाज एकदम चिरकला. "पोस्टात चेपतोय त्यो. तू सोता घिऊन ये. माज्या हातात दे. ऐकलंस का? हातात."

"व्हय आई."

फोन कटला. मागचा जवान म्हणत होता, चल भाई, लाईन में और भी हैं. पण मिलिंदला तिथून हलवेना. त्याने माझं झाकण घट्ट दाबलं. ते आधीच घट्ट होतं.

रजा मिळायला दसरा उलटला. आता मी पुण्याहून निघालेल्या गाडीत आहे, मिलिंदच्या मांडीवर. मघाशी सातारा स्टेशनला एक मुलगी खिडक्या शोधत धावत आली; आम्रपालीने तिला गाडी आणि माझी खूण आधीच कळवली होती. माझ्यावरची टिंबं वाचून थांबली आणि म्हणाली, "मिलिंददादा न्हवं? मी राजेश्वरी." आम्रपालीने अजून जिचा चेहराही पाहिलेला नाही, ती मला आधी दिसली. चांगली उंच आहे, आणि हसते फार. तिने मला उघडून कंदी पेढ्यांनी भरलं. "रिकामा डबा घरी नेत्यात व्हय?" म्हणाली. गाडी हलली तरी खिडकीबरोबर चालत होती. "आम्रपालीला सांगा, तिनं चप्पल बदलली का विचारलंय म्हणावं!"

आता कराड मागे गेलं. बाहेर उसाची रानं आहेत. मिलिंद मघापासून ओठ हलवून काहीतरी जुळवतोय. "आई, मी..." एवढंच जमतं, मग पुन्हा पहिल्यापासून. एवढ्या गोळीबारातून आलेला गडी, पण सांगली जवळ येईल तसा त्याच्या तळव्यांना घाम सुटलाय. माझी स्टीलची पाठ ओली झाली आहे.

अरे मिलिंद, माणसांना डब्याचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून सांगायचं राहतं, नाहीतर एवढंच सांगितलं असतं. पाठ केलेलं सगळं दारात विसरशील. विसर. ती पोच्यावरून तुला चार शिव्या घालील, त्या खाली मान घालून ऐक. तू फक्त दोन्ही हातांनी मला पुढं कर, आणि तिने धरलं तरी लगेच सोडू नकोस.