राजकुमार साउंडचा माईक

माझ्यातून आजवर हजारो माणसं बोलली. आज मी माझं स्वतःचं सांगतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत ‘राजकुमार साउंड सर्व्हिस’ नावाचं दुकान आहे, त्या दुकानाचा मी माईक. हातात धरायचा, वायरचा, जुन्या पद्धतीचा. माझ्या जाळीला एका अंगाला पोचा आहे. उंद्रीच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामानं मला वरातीत पाडलं होतं, तेव्हाचा.

मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला ठाऊक नाही. मला आठवतो तो खोका उघडणारा राजकुमारचा हात. दुकानाच्या मागेच त्याचं घर. त्यानं मला वायर जोडली, बटण सरकवलं आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं, “पद्मा, आयकू येते काय?”

आतून त्याच्या बायकोचा, पद्मजाचा आवाज आला, “मले येते, अन् साऱ्या गल्लीले येते. बंद करा ते.”

तेव्हापासून बारा वर्षं मी त्याच्याजवळ होतो. हळदी, बारशी, कीर्तनं, निवडणुका, बैलबाजारात हरवलेल्या मुलांची नावं. माणसं मला हातात घेतली की आधी फुंकर मारतात, मग बोटानं टकटक करतात. राजकुमारला ते खपत नसे. “फुका नोका मारू भाऊ, त्याचा पडदा फाटते,” असं तो आमदारालाही सांगायचा. कार्यक्रम संपला की माझी जाळी उघडून आतला स्पंज उन्हात वाळवायचा. वायर बिघडली तर मला बाजाराच्या कोपऱ्यावरच्या सत्तार मिस्त्रीकडे न्यायचा. तारा झाळायचं, म्हणजे सोल्डरिंगचं काम राजकुमार त्यांच्याकडेच शिकला होता.

गणपतीचा सीझन तोंडावर आला होता. नवा अॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे आणायला राजकुमार मलकापूरहून गाडीत बसून उत्तरेतल्या एका मोठ्या शहरात गेला. दुकान त्यानं गजेंद्रवर सोपवलं. गजेंद्र त्याचा भागीदार, शाळेपासूनचा दोस्त. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या शहरातल्या बाजारात अतिरेक्यांनी स्फोट घडवला. एकोणीस माणसं गेली. त्यांत राजकुमार होता.

बातमी आधी गजेंद्रच्या मोबाईलवर आली. तो दुकानातून आत गेला आणि दारातच उभा राहिला. पद्मजा कणीक मळत होती. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. हात परातीतच ठेवून ती म्हणाली, “बोला ना भाऊजी.” ती कणीक दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच परातीत होती.

अॅम्ब्युलन्स तिसऱ्या दिवशी आली. गाव बंद होतं. पिकअपवर आमचाच सेट लावला होता आणि मी गजेंद्रच्या हातात होतो. ‘हॅलो, हॅलो’च्या पुढे तो माझ्यातून कधी काही बोलला नव्हता. “राजकुमार” एवढं त्यानं म्हणायचं आणि “अमर रहे” गावानं, असं ठरलं होतं. स्मशानापर्यंत त्यानं ते नाव किती वेळा घेतलं कोण जाणे. शेवटी शेवटी त्यात हाक मारल्यासारखं काही उरलं नव्हतं, नुसता आवाज होता.

त्यानंतर घरात माणसं मावेनात. राजकुमारची आई, गीताबाई, आलेल्या प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगत असे. पद्मजा भिंतीला टेकून बसलेली असे. ती रडत नव्हती, हे बायका एकमेकींना खुणेनं दाखवत. समोर टीव्ही चालू असे. त्यावर सहा चौकोनांत सहा माणसं एकदम बोलत. त्यांच्यापैकी एकालाही श्वास घ्यायला सवड नव्हती. बसायला आलेली माणसंही मग आपसांत तेच बोलू लागत. कुणी म्हणे आता एकदाचा हिशेब चुकता करा, कुणी म्हणे पोलीस झोपले होते काय, कुणी म्हणे आपल्यातच फितूर आहेत. आवाज चढले की गीताबाई म्हणायची, “हळू बोला हो,” आणि मग घटकाभर सगळे खाली बघत.

आठवड्यानं बाजाराच्या मैदानावर निषेध सभा ठरली. गजेंद्र घुटमळत आला. “वहिनी, सभेले दुसऱ्याचा सेट आनू काय?”

“घरचा असताना दुसऱ्याचा काऊन?” पद्मजा म्हणाली.

म्हणून मी त्या सभेला होतो. दोन्ही बाजूंना आमचे स्पीकरचे खोके रचले होते आणि प्रत्येकावर राजकुमारनं स्वतः रंगवलेलं दुकानाचं नाव होतं. एका चॅनेलच्या बातमीदारानं कौतुकानं विचारलं, “खोक्यांवर शहिदाचं नाव टाकायची कल्पना कुणाची?” गजेंद्र वायरी जोडत राहिला.

आधी माजी सरपंच बोलले, थोडं आणि बरं. मग तालुक्याहून आलेला एक तरुण पुढारी उभा राहिला. त्याचा श्वास आधीपासूनच तयार होता, पाठ केलेल्या माणसाचा असतो तसा. बदला, रक्त, मर्दानगी असं बोलत बोलत तो बाजारावर आला. धाडच्या बाजारात यापुढे कुणाकडून घ्यायचं आणि कुणाच्या दुकानाकडं ढुंकून बघायचं नाही, हे त्यानं सांगितलं. टाळ्या पडल्या. मैदानाच्या कडेला लिंबाखाली सत्तार मिस्त्री उभे होते. ते राजकुमारसाठी आले होते. टाळ्या थांबायच्या आत ते निघून गेलेले मी पाहिले.

मग निवृत्त शिक्षक गोपाळ सर आले. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. “भरल्या बाजारात एवढी स्फोटकं पोचली कशी, हे विचारायचं की नाही? नजर ठेवणं ज्यांचं काम होतं त्यांना...” एवढ्यात खालून ओरडा झाला, “राजकारन नोका करू! खाली बसवा त्याले!” पुढाऱ्याच्या माणसानं माझी मान धरली. सरांनी मला सोडलं नाही. थोडा वेळ मी दोघांच्या मुठीत होतो. भोंग्यातून नुसती खरखर गेली आणि मैदानातल्या माणसांनी कानांवर हात ठेवले. सर शेवटी खाली उतरले. उतरताना त्यांचा चष्मा पडला आणि तो गजेंद्रनं उचलून दिला.

त्यानंतर पद्मजाला उठवलं. मंजुश्रीताई नावाच्या एका कार्यकर्तीनं तिच्या हातात कागद दिला. त्यावर चार ओळी होत्या. “एवढंच वाच, बाई. साऱ्या देशाचं लक्ष हाय तुह्याकडं.”

पद्मजानं मला घेतलं ते बरोबर घेतलं, हनुवटीच्या खाली चार बोटं. राजकुमारनं तिला तसं शिकवलं होतं. तिनं कागदाकडं पाहिलं. मी तिच्या श्वासाच्या इतक्या जवळ होतो, पण तो चाललाय की थांबलाय ते मलाही कळत नव्हतं. मग ती समोरच्या गर्दीला म्हणाली, “मले एक विचाराचं हाय. त्या दिवशी त्यायनं जेवन केलं व्हतं काय? कोनाले मालूम हाय काय?”

ती खरंच उत्तराची वाट बघत होती. डावीकडून उजवीकडे एकेक तोंड तिनं पाहिलं. मग पुढारी उठला, दोन्ही मुठी वर करून त्यानं घोषणा दिली आणि मैदान पुन्हा बोलायला लागलं. पद्मजानं मला गजेंद्रच्या हातात दिलं आणि कागद घडी करून मंजुश्रीताईंना परत केला.

तिच्या बोलण्याची सव्वीस सेकंदांची चित्रफीत संध्याकाळपर्यंत देशभर पोचली. एकानं तिला रडकं संगीत लावलं. एकानं खाली लिहिलं, “या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर बंदुकीनं द्या.” दुसऱ्यानं लिहिलं, “हा प्रश्न सरकारला आहे.” तिसऱ्यानं लिहिलं, “शिकवून आणलेली बाई. बघा, डोळ्यांत एक थेंब नाही.” टीव्हीवरच्या सहा चौकोनांत आता तिचं जेवण होतं.

बातमीदार दुसऱ्या दिवशी दारात हजर. “ताई, तुमच्या प्रश्नाचा रोख कोणाकडं होता?”

“कोनाकडंच नाई. जेवनाचं विचारलं मी.”

“म्हणजे सरकारकडं?”

“जेवनाचं.”

मग तो दुकानाच्या पाटीचं चित्रण करून निघून गेला.

तिचा नंबर कुणी तरी पसरवला होता. दिवसभर फोन येत. कुणी शिव्या देई, कुणी ताई-ताई म्हणून रडे, कुणी कवितेत बोले. पद्मजा प्रत्येक फोन उचले आणि समोरच्याचं बोलणं संपलं की एकच विचारी, “तुमी तिथं व्हते काय?” समोरून नाही आलं की “बरं” म्हणून ठेवून देई. गजेंद्र म्हणाला, “वहिनी, बंद करून ठेवा ना तो मोबाईल.” ती म्हणाली, “एखांदा तिथला निंघाला तर?”

तिथला एकही निघाला नाही. मग क्रिकेटचे मोठे सामने सुरू झाले आणि फोन कमी होत होत थांबले.

त्याच सुमारास एका सकाळी गीताबाई सुनेजवळ येऊन बसली. माझ्या फळीवरून मला दोघी दिसत होत्या. म्हातारीनं ताटात भाकर आणि पिठलं आणलं होतं. “पद्मा, त्याले भूक धरवतच नव्हती वं,” ती म्हणाली. “शाळेतून आला की दप्तर आंगावर असतानाच भाकर मांगे. तो उपाशी बजारात फिरनं शक्य नाई. खाल्लं असंन त्यानं. म्या जन्माले घातलं त्याले, मले मालूम हाय.”

पद्मजा सासूकडं बघत राहिली. मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला. त्या दिवशी दोघी एका ताटात जेवल्या. रडल्या नाहीत.

बाजाराचं म्हणाल, तर पुढच्या बाजारी सत्तार मिस्त्रींची कोपऱ्यावरची जागा रिकामी होती. बांगड्यावाले आले नव्हते, फण्या-आरसेवालेही नाहीत. कुणी कुणाला मारलं नाही, कुणी काही बोललंही नाही. माणसं भाजी घेऊन घरी गेली. आमचा एक भोंगा बिघडला तर गजेंद्रनं तो मिस्त्रींच्या घरी न नेता बुलढाण्याला नेला. महिन्यानं मिस्त्री परत दिसू लागले. तेव्हा पद्मजा स्वतः जुना अॅम्प्लिफायर त्यांच्यापुढं ठेवून आली. मिस्त्रींनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला. तो त्यांनी पुष्कळ वेळ पुसला.

आता दुकान ती आणि गजेंद्र मिळून चालवतात. माझा स्पंज ती वाळवते. बारशाला मी असतो, हळदीकुंकवाला असतो. पद्मजा कमी बोलते, पण कुणी माझ्यात फुंकर मारली तर लांबून हात करते.

गेल्या आठवड्यात पुन्हा एका शहरात हल्ला झाला. अकरा माणसं गेली. सकाळीच चार-पाच तरुण दुकानात आले. निषेध सभेला सेट पाहिजे होता. पद्मजानं वही काढली, तारीख लिहिली, किती खोके पाहिजेत ते विचारलं. मग म्हणाली, “माईक तेवढा दुसरीकून पाहा. याची कॉईल गेली.”

गजेंद्रनं माझ्याकडं पाहिलं. आदल्याच दिवशी त्यानं माझ्यातून एका वाढदिवसाला साठ नावं पुकारली होती. “हो, गेली ती,” तो म्हणाला.

मी बिघडलेलो नाही. सभा झाली तेव्हा मी दुकानात माझ्या फळीवर होतो. मैदानावरचा आवाज इथपर्यंत येत होता. माईक दुसऱ्याचा होता, बोलणारेही दुसरे होते, बोलणं बहुतेक तेच होतं. आत पद्मजा लसूण सोलत बसली होती. शेवटी कुणी तरी गेलेल्यांची नावं वाचायला लागला. भराभर वाचत होता, लोक उठायला लागले असतील. पद्मजाचा हात थांबला. अकरावं नाव झालं तेव्हा तिनं पुढची पाकळी उचलली.

तुमच्या हातात कधी माझ्यासारखा माईक आला आणि अशी नावं वाचायची वेळ आली, तर फुंकर मारू नका, आणि नावं सावकाश वाचा. गावात कुणी तरी हातातलं काम थांबवून ती ऐकत असतं.